सातपुड्याच्या जंगलात सिव्हिलची इंटर्नशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात: "ताई, जंगलात सिव्हिलची इंटर्नशिप असते म्हणे, खरंय का?" मी विद्यार्थिनी असताना सातपुड्याच्या पायथ्याशी ही इंटर्नशिप केली. तेव्हापासून दरवर्षी काही जणांना अर्जापासून अहवालापर्यंत सोबत करते. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जंगलात सिव्हिलवाल्याचं काय काम? तिथे तर बांधकामाला बंदी असते ना?

सरसकट बंदी नाही. वनरक्षकाला गस्तीसाठी पायवाट लागते, नाला ओलांडायला फरशी (पूर वरून जाऊ शकेल असा बुटका पूल) लागते, रात्री थांबायला संरक्षण कुटी लागते. उन्हाळ्यात जनावरांना पाणवठा लागतो आणि उतारावरची माती जागेवर राहावी म्हणून चर (उतारावर आडव्या खणलेल्या नाल्या) आणि दगडी बांध लागतात. यातलं प्रत्येक काम मोजावं लागतं, आखावं लागतं, त्याचं अंदाजपत्रक करावं लागतं. वनखात्याच्या परिक्षेत्रात (रेंजमध्ये) सिव्हिलचं शिक्षण घेतलेला माणूस क्वचितच असतो, त्यामुळे नीट मोजमाप करणारा विद्यार्थी त्यांना खरोखर हवा असतो.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. सातपुडा जिथे उतरतो आणि तापीचं सपाट खोरं सुरू होतं, तिथे दगडगोटे आणि वाळूचा जाड पट्टा आहे. भूजलवाले त्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरावरून आलेलं पाणी या पट्ट्यात मुरतं आणि चोपडा, यावल, रावेरकडच्या विहिरींना मिळतं. ज्या केळीचा आपल्याला अभिमान आहे, ती या पाण्यावर उभी आहे. पाणलोटाच्या कामात एक जुनं वाक्य आहे: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरायला लावा. त्यातला पहिला टप्पा वर जंगलातच व्हावा लागतो. तिथे चुकला तर खाली शेतात कितीही बोअर मारले तरी भरून येत नाही.

२. खानदेशात अशी कामं कुठे असतात?

जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य आहे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. पाल हे रावेर तालुक्यातलं थंड हवेचं ठिकाण त्याच्याच परिसरात येतं. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीचं जंगल हा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. मुक्ताईनगरकडे मुक्ताई भवानी संवर्धन राखीव आहे, नंदुरबारमध्ये तोरणमाळ.

पण फक्त अभयारण्यांवर नजर ठेवू नका. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे गाव लोकांनी स्वतः राखलेल्या जंगलासाठी ओळखलं जातं. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा गावात माती अडवायच्या कामाचं शिक्षण कुठल्याही कार्यालयापेक्षा जास्त मिळतं, हा माझा अनुभव आहे.

३. कोणत्या वर्षात करावी? डिप्लोमावाल्यांना चालते का?

सर्व्हेइंग आणि फ्लुइड मेकॅनिक्स झालेलं असावं, एवढीच माझी अट. म्हणजे पदवीला दुसरं वर्ष संपल्यावर. डिप्लोमावाल्यांना चालते आणि खरं सांगायचं तर लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावण्यात त्यांचा हात अनेकदा पदवीच्या मुलांपेक्षा चांगला बसलेला असतो.

४. अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा?

जाहिरातीची वाट पाहत बसू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या आणि त्या जंगलाच्या उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज करा. मात्र ते जंगल नेमकं कुणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारून घ्या. प्रादेशिक वनविभाग आणि वन्यजीव विभाग ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. यावलचं अभयारण्य वन्यजीव विभागाकडे आणि त्याला खेटून असलेलं जंगल प्रादेशिक विभागाकडे, असं असतं. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की महिना जातो.

अर्जात 'मला शिकायचं आहे' एवढंच लिहिलं तर कुणी फार लक्ष देत नाही. काय मोजून देणार ते लिहा. "परिक्षेत्रातल्या जुन्या सलग समतल चरांची सद्यस्थिती मोजून नकाशासह देईन" असं वाक्य असलं की वनक्षेत्रपाल, म्हणजे रेंजर, स्वतः फोन करतात. अभ्यासात वन्यप्राण्यांचं निरीक्षण किंवा नमुने येणार असतील तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या खेपेला विषय माती, पाणी आणि बांधकाम एवढ्यापुरताच ठेवा.

५. पैसे मिळतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. राहण्याची सोय झाली तरी पुष्कळ, जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च स्वतःचा धरून चला.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल बरेच जण विचारतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत पदविकाधारकांना महिना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. पण ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे, कॉलेज चालू असताना तिचा लाभ घेता येत नाही.

६. हिवाळ्यात जावं की उन्हाळ्यात?

मोजमापाला हिवाळा उत्तम. हवा चांगली असते आणि डिसेंबर-जानेवारीत अंगात काम करायची ताकद असते. पण मला विचाराल तर मेच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंतचे सहा आठवडे घ्या, कॉलेजने परवानगी दिली तर. मेमध्ये पानं गळून गेलेली असतात, जमिनीचा उतार उघडा दिसतो. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तुम्ही कागदावर काढलेलं पाणी प्रत्यक्ष कुठून जातं ते डोळ्यांनी दिसतं. असं प्रात्यक्षिक कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही.

उन्हाची किंमत मोजावी लागते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. काम पहाटे साडेपाचला सुरू करून दहाला थांबवायचं, पुन्हा साडेचारनंतर. मधल्या वेळात गणितं आणि नकाशे.

७. रोज प्रत्यक्ष काय करावं लागतं?

सगळ्यात जास्त वेळ जातो चर आणि दगडी बांधांवर, म्हणून याचं उत्तर लांब आहे.

सलग समतल चर म्हणजे डोंगराच्या उतारावर एकाच उंचीच्या रेषेत खणलेली नाली. आपल्याकडे ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल हे माप नेहमीचं. एक मीटर लांबीत ०.१८ घनमीटर, म्हणजे १८० लिटर पाणी मावतं. आता दोन चरांत अंतर किती ठेवायचं? समजा एका सरीत ५० मिमी पाऊस पडला आणि त्यातला ४० टक्के वाहून निघाला, तर दर चौरस मीटरवरून २० लिटर पाणी येतं. १८० भागिले २० म्हणजे ९ मीटर. हे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते ४० टक्के हा आकडा ठरवणं. तो दगड, गवत, मातीची खोली आणि उतार बघूनच ठरतो, म्हणून तर जागेवर जायचं.

चर समतल नसेल तर तो चर राहत नाही, पाट होतो. दहा मीटरमध्ये दहा सेंमी उतार राहिला तरी सगळं पाणी एका टोकाला जमतं, तिथून फुटतं आणि खाली घळ पाडतं. जुन्या कामांची पाहणी करताना अशा फुटलेल्या जागा शोधा आणि नकाशावर टिपा. पुढच्या वर्षी दुरुस्ती कुठे करायची हे त्यावरून ठरतं, त्यामुळे खात्याला या कामाचा सरळ उपयोग होतो.

अनगड दगडी बांध छोट्या घळीत घालतात, सिमेंट न वापरता. आमच्या गटाने पहिल्या वर्षी घातलेला बांध पहिल्याच मोठ्या पाण्यात गेला. दगड चांगले मोठे होते, रचाईही घट्ट होती. चूक एकच होती: आम्ही माथा सरळ एका पातळीत ठेवला होता. मधला भाग काठांपेक्षा खाली ठेवायला हवा होता आणि दोन्ही टोकं काठाच्या मातीत आत घुसवायला हवी होती. पाणी मधून जायला जागा नाही म्हटल्यावर ते कडेने गेलं आणि काठ कापून बांधाला वळसा घातला. घळ आधीपेक्षा रुंद झाली. त्या रुंद झालेल्या घळीकडे बघताना मला खूप वाईट वाटलं होतं, कारण न बांधता सोडली असती तर ती बरी राहिली असती. तेव्हापासून मी मुलांना बांधायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून मागते: पाणी कुठून जाईल, आणि वरून पडलेलं पाणी जिथे आपटेल तिथे काय आहे.

पायवाटेचं कामही असंच आहे. पायवाट उताराच्या दिशेने सरळ खाली नेली की दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो. ती आडवी, फिरवत न्यायची, चढ शक्यतो दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि तळ दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न जाता ओलांडून जातं. पाण्याचा अंदाज कसा काढायचा ते प्रश्न १० मध्ये आहे.

८. टोटल स्टेशन न्यावं लागेल का?

नाही. टोटल स्टेशन म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. जंगलात झाडीमुळे त्याला दृष्टिरेषा सापडत नाही आणि ते वजन चढावर कोण उचलणार? ऑटो लेव्हल, टेप, हातातला जीपीएस किंवा फोन आणि ए-फ्रेम एवढ्यात काम होतं. ए-फ्रेम म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधलेल्या तीन काठ्या, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते. पाड्यावरची शाळकरी पोरं अर्ध्या तासात शिकतात आणि तुमच्यापेक्षा भराभर रेषा आखतात. मात्र ए-फ्रेमची खूण रोज सकाळी दोन्ही बाजूंनी उलटसुलट तपासून घ्या.

९. बंधारा काँक्रीटचा का नको? पक्कं काम जास्त टिकेल ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण कॉलेजात आपण काँक्रीटच शिकतो.

आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक काढून क्युरिंगचा (काँक्रीट ओलं ठेवण्याचा) भाग वाचा. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस क्युरिंग सांगितलं आहे. पण कोरड्या, उष्ण हवेत ते १० दिवस, आणि आपण बाजारातून आणतो ते पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. एप्रिलमधला सातपुडा यापेक्षा कोरडा-उष्ण काय असणार? तिथे १४ दिवस पाणी मारायचं तर ते खालून टँकरने आणावं लागतं आणि टँकरसाठी रस्ता रुंद करावा लागतो. पाणी कमी पडलं की काँक्रीट भेगाळतं आणि दोन-तीन वर्षांत बंधारा गळू लागतो. पक्कं म्हणून केलेलं काम असं कच्चं राहतं.

दगड तिथेच पडलेला असतो. मोठ्या नाल्यावर गॅबियन घाला, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून केलेला बांध. तळ थोडा खचला तरी तो तुटत नाही, वाकून बसतो. दगड जाळीच्या छिद्रापेक्षा मोठे असले पाहिजेत, हे सांगूनही दरवर्षी कुणीतरी विसरतं. काँक्रीट जिथे खरंच लागतं तिथे वापरावं: गस्तीच्या रस्त्यावरची फरशी, निरीक्षण मनोऱ्याचा पाया.

शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून सिमेंटचे बंधारे बांधले आणि विहिरींना पाणी आलं, ते काम आवर्जून बघा. पण ते गावनाल्यांवरचं, यंत्रांनी केलेलं काम आहे. तीच यंत्रं अभयारण्यात घालता येत नाहीत, आणि घालूही नयेत.

१०. नाल्याला किती पाणी येतं याची नोंदच नसते. मग फरशीची मापं कशी काढायची?

दोन बाजूंनी काढा आणि ताडून बघा. एक, रॅशनल पद्धत: प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे गुणांक (पावसातला किती वाटा वाहून निघतो तो), तासाचा पाऊस मिमीमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार भागिले ३६०. ४० हेक्टरचा पाणलोट, ताशी ६० मिमी पाऊस आणि ०.४ गुणांक धरला तर २.६७ येतात. दोन, पुराची खूण: झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पाला-काटक्या, खडकावरची रेघ. त्या उंचीवरून नाल्याचा छेद मोजा, उतार मोजा आणि मॅनिंगचं सूत्र (छेद, उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह देणारं) लावा.

तिसरी गोष्ट सूत्रात नाही. तिथे वर्षानुवर्षं गुरं चारणारे एखादे बाबा गाठा आणि "सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा. ते जागा पायाने दाखवतात. दोन्ही गणितांत आणि त्यांच्या खुणेत फार फरक पडला तर आधी आपलं गणित तपासा.

११. पाणवठ्याचं डिझाइन कसं असावं?

बशीसारखं. सरळ उभ्या भिंतींची टाकी कधीही नको, पिल्लू आत पडलं तर बाहेर येऊ शकत नाही. सगळ्या बाजूंनी उतार सौम्य ठेवा आणि पृष्ठ खरखरीत ठेवा. जागा अशी निवडा की प्राण्याला येताना आजूबाजूचं दिसेल, आणि रस्त्यापासून दूर.

पाणी किती लागेल हे काढताना बाष्पीभवन विसरू नका. ४ मीटर बाय ४ मीटरच्या पृष्ठावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर गेलं, एकाही जनावराने तोंड न लावता. म्हणून उथळ पण लहान आणि सावलीत. टँकरऐवजी सौर पंप बसवायचा विचार असेल तर भूजलाची पातळी मेमध्ये मोजा, डिसेंबरमध्ये नाही.

१२. आखलेल्या रेषेत एक वाळलेलं, पोकळ झाड येतंय. ते तर मेलेलंच आहे, तोडलं तर चालेल का?

नाही. रेषा वळवा.

कायदा तर आहेच, पण कारणही समजून घ्या. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं, नामशेष झालं असंच मानत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना ते पुन्हा दिसलं, तेही आपल्या शहाद्याजवळ. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झालेला नव्हता, शहादा धुळ्यातच होतं. हा पक्षी झाडांच्या ढोलीत घरटं करतो. सागाच्या, अंजनाच्या जंगलात ज्या झाडाला आपण मेलेलं म्हणतो, ते कुणाचं तरी घर असतं. चर दोन मीटर तोडून पुढे सुरू केला तर पाण्याचं काही बिघडत नाही.

१३. जंगलात बंधारा बांधायला केंद्र सरकारची मान्यता लागते का?

१९८० चा वन संवर्धन कायदा (२०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नावही बदललं) वनेतर वापराला केंद्राची मान्यता मागतो. पण वन आणि वन्यजीवांच्या संवर्धनासाठी, व्यवस्थापनासाठी केलेलं काम त्या व्याख्येतून वगळलं आहे. त्यात जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे), कुंपण, पूल, मोऱ्या, बांध, पाणवठे, हद्दीच्या खुणा येतात. त्यामुळे वनखातं स्वतःच्या आराखड्यात करत असलेल्या बांधाला ती मान्यता लागत नाही. हेच पाणी पाइपने शेतीला न्यायचं ठरलं की गोष्ट बदलते.

गावाच्या सोयीसाठी काम असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) बघा. शाळा, अंगणवाडी, रस्ता, छोटा तलाव, पिण्याच्या पाण्याची योजना अशा १३ सोयींना प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाणार नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. इंटर्न म्हणून तुम्ही यातली कागदपत्रं करायची नाहीत, पण नकाशावर झाडांची मोजणी अचूक दाखवलीत तर ग्रामसभेचं काम सोपं होतं.

१४. पाटणादेवीच्या परिसरात पर्यटकांसाठी पायवाट आखायची आहे. काही वेगळं पाहावं लागेल?

हो. तिथे जंगलाचे आणि पुरातत्त्वाचे दोन्ही नियम लागतात. पाटण्याच्या परिसरात जुनी मंदिरं आहेत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख तिथलाच, आणि जवळच पितळखोऱ्याची लेणी. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध असतं आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. नुसती दगड मांडून केलेली पायरीही 'बांधकाम' ठरू शकते. म्हणून आधी ही दोन वर्तुळं नकाशावर काढा, मगच वाट आखायला घ्या.

१५. राहायचं कुठे? घरचे मुलीला पाठवायला तयार नाहीत, त्यांना काय सांगू?

सोय वनविश्रामगृहात, निसर्ग पर्यटन संकुलात किंवा गावातल्या आश्रमशाळेजवळ होते. जेवण गावातच: दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, शेवभाजी.

मुलींसाठी माझा नियम असा: एकटीने जायचं नाही, किमान दोघी. राहण्याची जागा जाण्याआधी घरच्यांना प्रत्यक्ष दाखवायची. माझे वडील माझ्यासोबत पहिल्या दिवशी आले, वनपालांशी बोलले, ज्या मावशींकडे जेवायचं होतं त्यांच्याकडे चहा घेतला आणि निवांत परत गेले. फोनवर कितीही समजावलं असतं तरी त्यांची काळजी एवढी कमी झाली नसती. फिल्डवर जाताना सोबत वनरक्षक किंवा वनमजूर हवाच, मुलगा असो की मुलगी. आणि कुणाचं वागणं खटकलं तर त्याच दिवशी कॉलेजच्या गाइडना कळवायचं, 'इंटर्नशिप जाईल' म्हणून गप्प बसायचं नाही.

१६. पाड्यावरचे लोक पावरी, भिलोरी बोलतात. आम्हाला तर अहिराणीच येते. कसं जमणार?

जमतं. बहुतेकांना मराठी समजते, आणि अहिराणी येत असेल तर अर्धी दारं उघडतात. बोलताना मोठ्यांना बाबा, दादा, मावशी म्हणा. वनमजुराला नावाने अरे-तुरे करणारा विद्यार्थी मी परत पाठवला आहे.

वेळापत्रक त्यांच्या वर्षाप्रमाणे आखा. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, त्या दिवसांत कामाला कुणी येणार नाही आणि कुणी यावं अशी अपेक्षाही धरू नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे घरंच्या घरं मोहाची फुलं वेचायला जातात. दिवाळीनंतर नंदुरबारकडची अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेली असतात. हे न बघता आखलेलं काम अडतं आणि मग अहवालात 'मजूर मिळत नाहीत' असं चुकीचं वाक्य येतं.

१७. धोके काय आहेत?

बिबट्याची भीती सगळ्यांना असते, पण जास्त काळजी ऊन, साप आणि आग्या मोहोळाची घ्या. अत्तर, डिओ लावून जंगलात जाऊ नका. घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि दगड उचलताना आधी काठीने हलवा, कारण फुरसं दगडाखालीच बसतं. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वलं फुलं खायला येतात, त्या वेळी झाडाखाली एकट्याने जायचं नाही. १०८ रुग्णवाहिकेचा आणि १९२६ वनविभागाच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या. पण अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून आज कुठल्या नियतक्षेत्रात (वनरक्षकाच्या बीटमध्ये) जाणार ते सकाळी कागदावर लिहून मुक्कामी ठेवा.

१८. ड्रोनने सर्व्हे केला तर? आणि फोटो टाकले तर?

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय उडवायचा नाही. फोटो काढा, पण लोकेशन बंद करून. प्राण्याची विष्ठा, ठसा, घरटं, ट्रॅप कॅमेरा यांची जागा कुणालाही कळवू नका, मित्रांनाही नाही.

१९. गाइड म्हणतात, "हा विषय पर्यावरणाचा आहे, सिव्हिलचा नाही." काय करू?

त्यांना थोर अभियंते विश्वेश्वरय्यांची आठवण करून द्या. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीच्याच कामांपैकी एक होतं आपल्या खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यातला पाइप सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा दाबाचा नळ. पांझरेवरच शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे: दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाण्याची पाळी गावाने ठरवलेली. एक दिवस काढून गाइडनाच तिकडे घेऊन जा, मी हे दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळा उपयोग झाला.

अहवालात मात्र सिव्हिलचं गणित दिसलं पाहिजे. लेव्हल बुकाची पानं, छेद, प्रवाहाचं गणित, जिल्हा दरसूचीवरून केलेलं अंदाजपत्रक, आणि देखभालीचा खर्च. शेवटचा मुद्दा जवळजवळ सगळे सोडतात.

२०. मी मोजलं तर चर ७० मीटर भरला, जुन्या नोंदीत १०० मीटर आहे. काय लिहू?

७० लिहा, तारीख, जागा आणि मोजायची पद्धत यांसह. आरोप करू नका, कारण ३० मीटर गाळाने भरून गेलेला असू शकतो. दोन्ही टोकांना थोडं खणून बघा, जुन्या चराची मऊ माती हाताला लागते. तसं नसेल तर तेही लिहा. आधी गाइडना दाखवा, मग वनक्षेत्रपालांना. आणि मोजमाप पुस्तिकेवर (जिच्यावरून कामाचे पैसे निघतात त्या सरकारी नोंदवहीवर) विद्यार्थ्याने सही करायची नसते, कुणी कितीही आग्रह केला तरी.

२१. इंटर्नशिप संपल्यावर परत जावं का?

जुलैत एकदा, पहिला मोठा पाऊस झाल्यावर. प्रवेश बंद असेल तर वनरक्षकदादांना फोन करून फोटो मागवा. चरात पाणी कुठे थांबलं, बांधामागे किती गाळ साचला, हे मोजून अहवालाच्या शेवटी एक पान जोडा आणि ते खात्याकडेही पाठवा. गाळाची उंची मोजायला बांधाजवळ मेमध्येच एक खुणेचा दगड रंगवून ठेवलेला असावा. तो रंगवायला तैलरंग न्या, चुना पहिल्याच पावसात धुऊन जातो.